कडेची खुर्ची

यातले दोनच सिनेमे मी पाहिलेत,
त्यातलाही एक अर्धा.
गॅस बंद केला की नाही ते आठवेना
म्हणून मध्यंतरात उठून आले.
तरी दरवर्षी चारकोपच्या आमच्या हॉलमध्ये
विजेत्यांची नावं सगळ्यांत आधी मीच लिहिते,
किराण्याच्या बिलाच्या पाठीवर.
माणशी पन्नास रुपये,
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात.

माझी पद्धत सोपी आहे.
अभिनय बघायचा नाही, खुर्ची बघायची.
ज्याला कडेची खुर्ची, त्याला बाहुली.
एवढ्या भारी कपड्यांत
दहा जणांचे गुडघे ओलांडत
भाषणाला कोण जाणार?

विद्याधर गुणवत्तेवर जातो.
दरवर्षी हरतो, परीक्षकांचा उद्धार करतो,
मग म्हणतो, आपल्याला काय त्याचं,
आणि पुढची नामांकनं लागली
की पुन्हा उशी मांडीवर घेऊन सरसावून बसतो.
सासूबाई रडणाऱ्यांवर पैसे लावतात.
"हिने बघ, रुमाल आधीच काढून ठेवलाय.
हिला आतून कळवलेलं असणार."

यंदा खालच्या तांडेलांचा प्रणितही आला.
हा सोहळा होऊन अठरा दिवस झाले होते
आणि प्रणित त्या रात्री तिथेच होता,
मामाच्या ब्लेझरमध्ये.
बडी मंडळी उठून गेली
की मोकळी खुर्ची पडद्यावर दिसू नये
म्हणून तिच्यात बसायचं, एवढंच काम.
रात्रीचे नऊशे, जेवणाचं पाकीट.
टाळ्या वाजवायच्या, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही,
कोण जिंकलं ते बाहेर बोलायचं नाही.
शेवटच्या अटीखाली सही.

आम्ही त्याला सुरळीच्या वड्या दिल्या.
त्याने खाल्ल्या.
आणखी दिल्या, त्याही खाल्ल्या.
मग आमच्यासारखीच चिठ्ठी लिहिली,
पन्नासची नोट डब्यात टाकली.

ध्वनी, संकलन, वेशभूषा
साबणाच्या जाहिरातीआधी
खालच्या पट्टीतून पळत गेले.
त्यांच्यावर कोणी पैसे लावत नाही.
मी लावले होते.
चष्मा सापडेपर्यंत पट्टी संपली.

मग ते मोठं पाकीट आलं.
देणाऱ्याला ते फाडता येईना,
दोन विनोद झाले, ढोल वाजत राहिला,
आणि कॅमेरा सरकत सरकत आला
मी नाव लावलेल्या कडेच्या खुर्चीवर.
तीत प्रणित.
आमचा, खालचा, तांडेलांचा प्रणित,
खांद्यावर सैल ब्लेझर,
अख्ख्या देशाकडे न बघता
कुणासाठी तरी टाळ्या वाजवत.

तीन सेकंद असतील.
विद्याधर सोफ्यावर चढला,
सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या,
मी अगं अगं अगं एवढंच ओरडले
आणि कोण जिंकलं ते कोणी ऐकलंच नाही.
"कोण रे?" मी विचारलं.
"काकी, सही केलीय," म्हणाला,
आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

रात्री बाराला चिठ्ठ्या तपासल्या.
माझी चार बरोबर, सासूबाईंची पाच,
विद्याधरचं एक, तेही खाडाखोड केलेलं.
प्रणितचं शून्य.
अकरापैकी एकही नाही.
मी ती चिठ्ठी दोनदा वाचली.
अंदाजाने लिहिणाऱ्याचंसुद्धा एखादं लागून जातं.
सगळी चुकायला
सगळी माहीत असावी लागतात.
मी काही बोलले नाही,
डबा सासूबाईंपुढे सरकवला.

त्या नोटा मोजत होत्या, मध्येच थांबल्या.
"काय रे, बसलास तेव्हा खुर्ची गरम होती का?"
"होती की, आजी. आणि बुडाखाली हे टोचलं."
खिशातून त्याने काढला
केसांचा साधा काळा आकडा,
आमच्या नाक्यावर दहाला डझन मिळतो तसला.

कुणाच्या केसांतून पडला असेल,
यावर आता पैसे लागलेत.
निकाल लागायचा नाही.
आकडा फ्रिजवर आहे,
गॅसवाल्याच्या चुंबकाला चिकटून.